काळी बांगडी विकायची नसते

बालाघाट जिल्ह्यात कोण कोण राहतं, ते मला विचारा. पटवारी जमीन मोजतो, मी हात मोजले. आम्ही कासार. बांगड्या भरायच्या, गाठोडं बांधायचं, पुढच्या बाजाराला जायचं. सगळी तरुण वर्षं मी मोटरीत, बैलगाडीत नाहीतर पायी काढली. एका जागी बसले की आजही माझे तळवे खाजतात.

खाली वैनगंगेच्या अंगाला सगळी धानाची गावं. तिथल्या पोवारणी, कुणबिणी, लोधिणी रोवणी संपली की घोळक्यानं यायच्या, कारण चिखलात धान रोवताना निम्म्या बांगड्या बांधीतच, त्या पाण्यानं भरलेल्या वाफ्यातच, जायच्या. त्यांचे हात पाण्यानं फुगलेले, बोटं पांढरी. भरवेलीच्या खाणीवरच्या बायकांच्या तळव्याच्या रेषांत काळी भुकटी बसलेली असायची, साबणानंही जायची नाही. भाजी पिकवणाऱ्या मरारणींच्या हाताला कांद्याचा वास. घाट चढून परसवाड्याकडं गेलं की मग सगळंच बदलायचं. सरईचं, म्हणजे सालाचं, जंगल सुरू झालं की कोस-कोस माणूस दिसायचा नाही. मोटरीची काच नसलेल्या खिडकीतून मी बघत राहायचे आणि वाटायचं, इथं बांगड्या कोण घालणार, अस्वल? आणि बाजार भरला की पाहा! झाडांमागून निघाल्यासारख्या गोंड बायका यायच्या, लाल-पिवळ्या बांगड्यांवर तुटून पडायच्या. बैगा बायका मागं उभ्या राहायच्या, कोपरापर्यंत गोंदलेल्या, घेतल्या तर दोन-चारच घ्यायच्या. दिवस कलला की सगळ्या गडप. आम्ही दोघी आणि रिकामं मैदान उरायचं.

दोघी म्हणजे मी आणि माझी सासू. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणायचे.

मी नदीपलीकडची, तिरोड्याच्या बाजूची. सासर हट्ट्याला. लग्न झालं तेव्हा दोन्हीकडं एकच राज्य होतं. मग वरून कुणीतरी राज्यं बदलली. माहेर तिकडं गेलं, सासर इकडं राहिलं, नदीला कुणी विचारलंसुद्धा नाही. माहेरी गेले की वहिनी म्हणायची, "आली पाहा परप्रांतातली पाहुणी." इकडं चार वर्षांत माझी अशी गत झाली की भांडण मराठीत सुरू करायचे आणि हिंदीत संपवायचे. लिहायला बसले की मात्र शाळेतली मराठी येते, चौथीपर्यंत शिकले ती.

आता धंद्यातल्या एक-दोन गोष्टी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बांगडी भरताना पिचली तर नुकसान कासाराचं, गिऱ्हाइकाचं नाही. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आणि हात भरून झाले की बाई कासाराला वाकून नमस्कार करते. समोर वीस वर्षांची पोर बसली असली तरी साठीची पाटलीण वाकते, कारण त्या बांगड्या नवऱ्याच्या नावाच्या असतात. म्हणूनच भरणाऱ्या बाईचे स्वतःचे हात भरलेले लागतात. आत्या विधवा. जिल्ह्यात तिच्यासारखा मऊ हात कुणाचा नव्हता, पण खालच्या गावांत तिच्याकडून कुणी भरून घेत नसे. ती माझ्या मागं आडोशानं बसायची, गिऱ्हाइकाच्या हाताकडं एकदा बघायची आणि मापाच्या बांगड्या माझ्या मांडीवर टाकायची. विद्या तिची, हात माझा.

सगळीकडंच असं नव्हतं, हेही सांगते. घाटावर गोंड बायका तिच्यासमोर बिनधास्त हात टाकायच्या. खाली गावातल्या बौद्धांच्या वस्तीतही तसंच. राज्यं बदलली त्याच सुमारास त्यांनी धर्म बदलला होता, आणि एका बाईनं आत्याला सरळ सांगितलं होतं, "आजी, तुमीच भरा. आमी ते सगळं सोडलं." त्या दिवशी आत्यानं अख्खी वस्ती भरून काढली. घरी येऊन भाकरीचे दोन तुकडे जास्त खाल्ले.

घाटावरची अजून एक रीत होती. तिथं विधवेचं दुसरं लग्न म्हणजे मांडव नाही, वरात नाही. माणसानं बाईच्या हातात बांगड्या भरल्या की ती त्याची बायको. "चूड़ी पहनाया" म्हणतात. असा एखादा बाप्या बाजारात यायचा, इकडं-तिकडं बघत, कानापर्यंत लाल होऊन, आणि हाताचं माप विचारलं तर स्वतःच्याच बोटांचा गोल करून दाखवायचा. आम्ही फार हसायचो.

राहिली काळी बांगडी. आमच्या घराची रीत. घरच्या बायकांच्या डाव्या हातात मनगटाकडं सगळ्यात पुढं एक काळी बांगडी, तिच्यावर पिवळ्या लाखेचा एक ठिपका. राखणीची, म्हणायचे. ती घरच्या पुरुषानं स्वतःच्या हातानं भरायची. विकायची नाही. एखादीनं मागितली तरी नाही. आमच्यासारखी दुसरं कुणी घालत नसे.

माझ्या हातात त्यानं भरली होती. त्यानं म्हणजे माझ्या नवऱ्यानं. तेव्हा ह्यांनी-त्यांनी म्हणायचे, आता 'तो' म्हणते. त्यानं ते नाव कमावलं आहे.

माणूस वाईट नव्हता. मारझोड नाही, दारू नाही. हात इतका हलका की बाया म्हणायच्या, कळतच नाही बांगडी कधी चढली. पण पायाला भिंगरी. जेवताना उठून दारात जाऊन यायचा. कोण आलं? कुणी नाही. मग बसायचा. गोंदियाहून माल आणायचं काम त्याचं. छोट्या लाइनच्या गाडीनं जायचा, दुसऱ्या दिवशी यायचा. रेडिओवर लढाईच्या बातम्या चालू होत्या ते साल. एकदा तो असाच पिशवी घेऊन गेला आणि आलाच नाही.

भांडण झालं नव्हतं. हे मी एवढ्यासाठी सांगते की गावानं आधी तेच विचारलं. "काही बोलली का व तू त्याले?" काय बोलणार? येताना सुया आणा, एवढंच बोलले होते.

माझ्या भावानं गोंदिया पालथं घातलं. एक म्हणे भिलाईला दिसला, कारखान्याच्या बाजूला. दुसरा म्हणे नागपूरला. तिसऱ्यानं सांगितलं, नदीला पूर होता त्या दिवशी, डोंग्यातून एक माणूस वाहून गेला. कोण माणूस? ते माहीत नाही. असल्या बातम्या आणणाऱ्यांना मी चहा पाजायची, आता वाटतं, उगाच पाजला.

आत्या म्हणायची, "येते तो. त्याच्या बापालेही अशीच सवय होती. काहून रडतं?"

"मी कुठी रडून राह्यली? तुमीच रडून राह्यल्या."

दोघीही रडत होतो. पण त्याच्याही आड एक भीती होती आणि ती आम्ही तोंडानं काढत नव्हतो. तो मेला असेल तर माझे हात रिकामे होणार. माझे हात रिकामे झाले की खालच्या बाजारांत दोन विधवा बांगड्या विकायला बसणार. कोण येईल? घरात तिसरा हात नव्हता. आमचं मीठ-भाकर माझ्या मनगटावर लटकत होतं. रात्री कूस बदलतानाही मी हात पोटाशी धरून बदलायची, एखादी वाढली तर काय, म्हणून.

त्या वर्षांत मी जी हिंडले, तशी कधी हिंडले नाही. आधी आठवड्यातले तीन बाजार करायचो, आता पाच करायला लागलो. आत्या दमायची. म्हणायची, एक दिवस तरी घरी बस. बसवतच नव्हतं. घरी बसलं की कान दाराकडं लागायचे. बाजारात बसलं की डोळे गर्दीकडं. बांगडी भरता भरता मी गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून पुरुषांच्या पाठी बघायची. तीच चाल वाटली की हातातली बांगडी तशीच अर्ध्यात राहायची आणि बाई ओरडायची, "अगे दुखते ना!" मग तो माणूस वळायचा आणि भलताच असायचा. लालबर्रा, वारासिवनी, कटंगी, वर बैहर, उकवा. कुठं नाही गेलो? आणि प्रत्येक बाजारात तोच प्रश्न, हात पुढं करता करता, "काई खबर?" नजर माझ्या मनगटावर. खबर विचारायच्या आणि बांगड्या मोजायच्या.

"खबर येऊन राह्यली," मी म्हणायचे. "पायी येऊन राह्यली, म्हणून वेळ लागते."

भाऊ नेहमी म्हणायचा, इकडं निघून ये, चांगला माणूस पाहून पाट लावून देतो. मी म्हणायचे, पहिला मेला की नाही ते तर कळू दे. 

अशी चार-पाच वर्षं गेली असतील.

परसवाड्याच्या पलीकडं, जंगलात एक बाजार भरायचा. मोहाचे दिवस होते, सगळ्या हवेत तो गोड आंबूस वास. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा एक बाई आली. तिशीच्या आतली, सावळी, हसरी, नाकात मोठी फुली. पुढ्यात बसली आणि डावा हात माझ्या हातात दिला.

त्या हातात तीन लाल बांगड्या उरल्या होत्या. आणि मनगटाकडं सगळ्यात पुढं एक काळी. तिला बारीक चीर गेलेली. तिच्यावर पिवळ्या लाखेचा ठिपका.

मी तो हात धरून नुसती बसले. मागं आत्याची बांगड्या निवडायची किणकिण चालली होती, तीही थांबली. तिनंही पाहिलं होतं.

"ये किसने पहनाया?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही.

"मेरे घरवाले ने." ती लाजली. "मेरा पहला आदमी बुखार से चला गया था. फिर इसने चूड़ी पहनाया."

"चूड़ी का काम करता है?"

"नहीं बाई, पत्ते के फड पर मुंशी है." तेंदूपत्ता गोळा होतो त्या जागेला फड म्हणतात, तिथला हिशेबनीस. "पर हाथ इतना नरम है उसका! एक चूड़ी नहीं टूटी थी उस दिन."

मला ठाऊक होतं. माझ्या वेळीही एक वाढली नव्हती.

घर सोडून पळाला, बायको सोडली, आई सोडली, नाव-गावही बदललं असेल, पण हात काही बदलता आला नाही त्याला. कासाराचा पोर! नव्या बायकोला घरात घेताना राखणीची काळी भरलीच. ठिपकासुद्धा दिला. कुणी मागितला होता का ठिपका? त्या मूर्खाला वाटलं असेल, एवढ्या जंगलात हा हात कोण धरणार?

"तो अब तुझे क्यों नहीं पहनाता?"

"कहीं निकल गया है," ती म्हणाली. "निकल जाता है बीच-बीच में. आ जाएगा." आणि मग हळूच, माझ्याकडं न बघता, "आ जाएगा ना, बाई?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. राग कुणाचा आला सांगू? आत्याचा. कारण मागून तिचा आवाज आला, मेणासारखा मऊ, "खाता है ठीक से?"

"कौन, अम्मा?"

"तेरा घरवाला."

ती बाई खळखळून हसली. "खाता है! मोटा हो गया है."

जाड झाला! आम्ही इकडं दोघींत एक भाजी करत होतो आणि तो जाड झाला होता. मी पहिली बांगडी अशी दाबली की ती माझ्या बोटांतच वाढली. नुकसान आमचं. दुसरी नीट चढवली. मग तिसरी. त्या बाईचा काय दोष? तिला काय माहीत, ती कुणापुढं हात करून बसली आहे? मी तिचे दोन्ही हात भरले, लाल आणि पिवळ्या, चांगल्यातल्या.

"ये काली दरक गई है," ती म्हणाली. "जिस दिन वो गया, उसी दिन दरकी. मन में डर लगता है. ऐसी एक दे दो."

मी मागं बघितलं. आत्याचा हात पेटीत गेला होता, खालच्या खणात, जिथं आमच्या काळ्या असायच्या. बोटं बांगडीवर होती. ती माझ्याकडं बघत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"काली हम बेचते नहीं," मी म्हणाले.

आत्यानं हात काढून घेतला.

ती बाई उठली, पदर डोक्यावर घेतला आणि रीतीप्रमाणं वाकून मला नमस्कार केला. मग मागं म्हातारी बसली होती म्हणून तिलाही केला. आत्या पुटपुटली, "सुखी राह, माय." मी गाठोडं बांधायला घेतलं.

परतीच्या मोटरीत आत्या सारखी डोळे पुसत होती आणि तोंडावर हसू. "जिता हाये व! पाहिलं का? मी म्हणो ना, जिता हाये! आता तुह्या हाताले कोणी नाव ठेवन का?" मला त्या मोटरीतून उडी मारावीशी वाटत होती. घाट उतरताना वळणा-वळणाला माझ्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, आणि तो आवाज मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी हट्ट्याला उतरलो. मी घरात गेले, हातांना साबण लावला आणि एकेक बांगडी काढली. एकही वाढवली नाही. चांगला माल होता, फोडायचा कशाला? धुतल्या, पुसल्या, दोरीत ओवल्या आणि विकायच्या पेटीत ठेवल्या. काळी तेवढी चुलीत टाकली.

आत्या दारात उभी होती. भिंतीला धरून खाली बसली. "काय केलं व हे? तो जिता हाये! जित्या नवऱ्याच्या बांगड्या काढतं का कोणी?"

"मेला असन म्हणून भेत होती मी इतके साल," मी म्हणाले. "जिता हाये ना? मग आता काहून भिऊ?"

"आन् धंदा? खाशीन काय?"

साबणाचं पाणी मी अंगणात ओतलं. हात हलके वाटत होते, एवढं खरं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गल्लीतल्या बायका आल्या. माझे मोकळे हात दिसले तशी पहिलीनं उंबऱ्यातच गळा काढला, मागच्या दोघींनी सूर धरला, एक तर माझ्या गळ्यातच पडली. "कसा गेला वं माय! कुठी गेला!"

"मेला नाही हो," मी म्हणाले. "जाड झाला."

त्या रडायच्या थांबल्या. एकमेकींकडं बघायला लागल्या. मग जे कळलं ते त्यांना मरणाहून वाईट वाटलं. मेल्या नवऱ्याची बायको कुठं बसवायची ते त्यांना ठाऊक होतं. माझं काय करायचं, ते कुणालाच कळेना. एक म्हणाली, तो जिवंत असताना असे हात म्हणजे त्याचं मरण मागणं झालं. दुसरी म्हणाली, आता तुझ्या हातचं आम्ही कसं भरावं? मी म्हणाले, नका भरू.

बोलायला सोपं होतं ते. पुढच्याच बाजाराला कळलं. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं समोरून यायची, माझ्या मनगटाकडं बघायची आणि पलीकडच्या दुकानाकडं वळायची. एक नवी नवरी हात पुढं करून बसली होती, तिच्या सासूनं तिला दंडाला धरून उठवलं. त्या दिवशी एक लड विकली नाही. मग आम्ही खालचे बाजार कमी केले. घाटावरचे तेवढे ठेवले, आणि बौद्धांच्या वस्त्या. जिथं आत्याचा हात चालायचा तिथं आता माझाही चालू लागला. पण तेवढ्यावर दोन पोटं भरत नाहीत. पावसात घाटाची मोटर बंद पडली की आम्हीही बंद. मी दिवसभर ओसरीवर येरझाऱ्या घालायची. कधी वाटायचं, त्या फडावर जावं आणि त्याची गचांडी धरावी. कधी वाटायचं, नदी ओलांडावी आणि माहेरी पडून राहावं. निघायची तयारी करायची आणि पिशवी पुन्हा खुंटीला लावायची.

आत्या माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, सरकवायची, तोंड फिरवायची. तिचं मन मला दिसत होतं. लेक जिवंत सापडला आणि सुनेनं त्याला पुसून टाकलं. कधीतरी ती पेटीच्या खालच्या खणात हात घालून बसलेली दिसायची. मला वाटायचं, एक दिवस ही उठेल आणि काळी बांगडी घेऊन जंगलात त्या दुसऱ्या सुनेकडं जाईल. खरं सांगते, मला तेवढीच भीती उरली होती. नवरा गेला तेव्हा आत्या होती. आत्या गेली असती तर माझं कोण होतं?

कार्तिकात रामपायलीची जत्रा आली. आमचा वर्षाचा सगळ्यात मोठा धंदा. खालच्या सगळ्या गावांच्या बायका यायच्या, मंदिरातून निघाल्या की आधी बांगड्या. मी म्हणाले, जाऊन उपयोग नाही. आत्यानं गाठोडं बांधलं आणि ती दारात जाऊन उभी राहिली. मग गेलो.

झालं तसंच. माल मांडला, हिरव्या लडी उन्हात चमकत होत्या, बायका थांबायच्या, वाकायच्या आणि माझे हात दिसले की सरळ व्हायच्या. आमच्यापुढं गर्दी होती, पण घ्यायला नाही, बघायला. एक पाटलीणबाई, जिचे हात मी माझ्या लग्नापासून भरत आले होते, समोर उभी राहून म्हणाली, "काहून असं करतं व? तो हाये ना जिता? घाल दोन-चार, आमालेही बरं वाटन."

माझ्या जिभेवर आलं होतं काहीतरी, जत्रेत शोभलं नसतं असं. तेवढ्यात मागून आत्या उठली. कधी नाही ते माल ओलांडून पुढं आली, सगळ्यांसमोर, जिथं मी बसायची तिथं येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "सरक."

मी सरकले, ती माझ्या जागी बसली.

"हात दे."

किती महिन्यांनी माझ्याशी बोलली होती. मी हात दिला. तिनं तो दाबून पाहिला, अंगठा आत मुडपला आणि हिरवी बांगडी चढवायला घेतली. मोकळ्या मनगटांची म्हातारी विधवा, भर जत्रेत, भरल्या हातांच्या बायकांपुढं. कुणीतरी "अगे अगे" केलं. तिनं मान वर केली नाही. एकामागून एक चढवत राहिली, आणि तो मऊपणा मी ओळखला, नवऱ्याच्या हाताला तो कुठून आला होता ते ओळखलं. डावा हात भरत आला. पेटी शेजारीच उघडी होती, खालचा खणही. माझं सगळं अंग ताठ झालं. मनगटाकडं काळीची जागा आली. आत्याचा हात पेटीकडं गेला, क्षणभर थांबला, आणि तिथंही तिनं हिरवीच भरली.

पाटलीणबाई म्हणाली, "पण बुढे, ह्या भरल्या कोणाच्या नावाच्या? त्याच्या नावाच्या त हिनं काढल्या ना."

"माह्या नावाच्या," आत्या म्हणाली. "मी जिती हावो ना?"

 मला पुढचं दिसेनासं झालं. मी पदर डोक्यावर घेतला आणि रीतीप्रमाणं वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि वर घेववेना.

"ऊठ आता," आत्या म्हणाली. "गिऱ्हाइक उभं हाये."